कंपवाताची गोळी आणि जुगाराची ओढ

कंपवाताच्या रुग्णाला तपासताना डॉक्टर हाताचा कंप बघतात, मनगट फिरवून स्नायू किती आखडलेत ते बघतात, चार पावलं चालायला लावतात. 'जुगार खेळता का?' असं कुणी विचारत नसे. २००५ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी कंपवाताच्या ११ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली आणि हा प्रश्न विचारणं भाग पडलं. या अकराही जणांना जुगाराचं अनावर वेड लागलेलं होतं. अकराही जण डोपामिनची नक्कल करणारं औषध घेत होते, नऊ जण प्रामिपेक्झोल आणि दोघं रोपिनिरोल. बहुतेकांचं हे वेड औषध सुरू झाल्यावर किंवा पूर्ण मात्रेला पोचल्यावर काही महिन्यांतच सुरू झालं होतं, आणि ज्यांची पुढची खबर डॉक्टरांना मिळत राहिली त्यांच्यात औषध कमी किंवा बंद केल्यावर ते ओसरलंही. पाच वर्षांनी अमेरिका आणि कॅनडातल्या ४६ केंद्रांमधल्या ३,०९० रुग्णांची पाहणी आली. जुगार, खरेदी, खाणं आणि लैंगिक वर्तन यांपैकी किमान एका बाबतीत ताबा सुटलेले रुग्ण तिच्यात १३.६ टक्के निघाले. नक्कल-औषध घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण १७.१ टक्के होतं, न घेणाऱ्यांमध्ये ६.९ टक्के.

एखाद्याचं वागणं हाताबाहेर गेलं की आपल्याकडे ठरलेली मीमांसा तयार असते: मनाचा कच्चा आहे, मनावर घेत नाही, घेतलं तर सहज सोडेल. या मीमांसेत 'मन' म्हणजे जागं, जाणतं मन, आणि त्याचं काम म्हणजे इच्छांना आवरणं. साठी ओलांडलेल्या, आयुष्यभर पै-पैचा हिशोब ठेवलेल्या माणसाचं मन एका गोळीने कच्चं होतं आणि गोळी थांबवली की पुन्हा पक्कं होतं, हे या मीमांसेत कुठे बसवायचं? मला वाटतं ते बसत नाही, आणि त्यामागचं कारण कंपवातापुरतं नाही. जाणीव असणं आणि ताबा असणं ही मेंदूतली दोन निरनिराळी कामं आहेत. एरवी ती इतकी जोडीने चालतात की आपण त्यांना एकच समजतो. ती सुटी होतात तेव्हा काय होतं, हे आवेगी आणि सक्तीच्या वर्तनाच्या अभ्यासातून जेवढं दिसतं तेवढं क्वचितच दुसऱ्या कशातून दिसतं.

आधी गोळीचं काम बघू. कंपवातात मेंदूच्या तळाशी असलेल्या एका गडद पट्ट्यातल्या, म्हणजे सबस्टॅन्शिया नायग्रातल्या, डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात. या पेशींचे धागे वर स्ट्रायटम नावाच्या भागात पसरलेले असतात. स्ट्रायटमच्या वरच्या भागाचा संबंध हालचाली आणि सवयींशी आहे, खालच्या भागाचा ओढ, बक्षीस आणि अपेक्षा यांच्याशी. रोगाच्या सुरुवातीला डोपामिन आटतं ते मुख्यतः वरच्या भागात. खालचा भाग बराच काळ शाबूत असतो. औषध मात्र दोन्हीकडे सारखंच पोचतं. एकाच पाटावरच्या दोन वाफ्यांपैकी कोरड्याला पुरेल इतकं पाणी सोडलं की आधीच ओला असलेला वाफा तुंबतो, तसं इथे होतं. त्यात ही नक्कल-औषधं डी-३ नावाच्या ग्राहींवर, म्हणजे पेशींवरच्या डोपामिन पकडणाऱ्या जागांवर, विशेष जोमाने बसतात, आणि हे ग्राही खालच्या भागात दाट असतात. हाताची हालचाल सुधारते त्याच मात्रेत ओढीचा भाग अति चेतवला जातो. (नैसर्गिक म्हणून निर्धोक समजणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. आयुर्वेदात कंपवातावर वापरल्या जाणाऱ्या खाजकुयलीच्या बियांमध्ये लेव्होडोपा, म्हणजे कंपवातावरचं नेहमीचं औषध, खरोखरच असतं. दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय संशोधकांनी ते १९३७ सालीच वेगळं करून दाखवलं होतं. लेव्होडोपानेही ताबा सुटण्याचा धोका वाढतो, नक्कल-औषधांहून कमी, पण वाढतो. बियांतून घेतलं म्हणून मेंदूत त्याचं डोपामिन होत नाही असं नाही.)

'ओढ' हा शब्द मी मुद्दाम वापरतोय, 'सुख' नव्हे. १९५४ साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत विजेची तार बसवली आणि कळ दाबली की तिथे सौम्य प्रवाह जाईल अशी सोय केली. पुढच्या काही वर्षांच्या प्रयोगांत उंदीर तासाला हजारो वेळा कळ दाबताना दिसले. मेंदूतलं सुखकेंद्र सापडलं असं तेव्हा सगळ्यांनी मानलं, आणि डोपामिन म्हणजे सुखाचं रसायन ही समजूत तिथूनच रुजली. मिशिगन विद्यापीठातल्या केंट बेरिज यांनी ती उलटवली. त्यांनी उंदरांच्या मेंदूतलं जवळजवळ सगळं डोपामिन नष्ट केलं. असे उंदीर अन्नाकडे जात नाहीत, समोर अन्न असूनही उपाशी मरू शकतात, त्यांना नळीने भरवावं लागतं. पण त्यांच्या जिभेवर साखरेचं पाणी टाकलं की ते ओठ चाटतात, अगदी निरोगी उंदरासारखे. गोड त्यांना गोडच लागतं. फक्त ते मिळवावंसं वाटत नाही. उलट बाजूने, डोपामिन वाढवलं की प्राणी अन्नामागे जास्त धावतो, पण ते त्याला जास्त आवडतं अशी खूण त्याच्या चेहऱ्यावर दिसत नाही. हवंसं वाटणं आणि आवडणं यांच्या यंत्रणा वेगळ्या आहेत, हा बेरिज यांचा निष्कर्ष. जुगारात हरत बसलेला, चेहऱ्यावर आनंदाचा मागमूस नसलेला आणि तरीही न उठणारा माणूस या निष्कर्षाशिवाय नीट समजतच नाही.

डोपामिनचं दुसरं काम शिकवण्याचं. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या डोपामिन-पेशींचे विद्युत्संकेत टिपले तेव्हा दिसलं, की अनपेक्षितपणे फळांचा रस मिळाला की या पेशी उसळतात. दिवा लागल्यावर रस मिळतो हे माकड शिकलं की त्या दिव्याला उसळतात, रसाला नाही. आणि दिवा लागूनही रस आला नाही, तर नेमक्या त्या क्षणी गप्प होतात. अपेक्षेहून जास्त, अपेक्षेइतकं, अपेक्षेहून कमी असा हा हिशोब आहे, आणि 'कमी'ची ती क्षणिक घसरण हाच तोट्याचा धडा. आता नक्कल-औषध घेणाऱ्या मेंदूचा विचार करा. औषध ग्राहींवर बसूनच असतं. पेशी गप्प झाल्या तरी घसरण पुरती उमटत नाही. मायकेल फ्रँक आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये कंपवाताच्या रुग्णांना चिन्हांच्या जोड्यांमधून निवड करायला लावली. औषध घेतलेले रुग्ण काय निवडल्याने फायदा होतो ते चांगलं शिकले. औषध न घेतलेल्या अवस्थेत रुग्ण काय टाळावं ते जास्त चांगलं शिकले. जिंकल्याचा ठसा उमटतो, हरल्याचा पुसट राहतो. जुगारी घडवण्यासाठी याहून सोयीची रचना कुणी मुद्दाम आखली असती तरी जमली नसती.

आता या सगळ्यात जाणतं मन कुठे आहे? ते बेशुद्ध नाही, गोंधळलेलं नाही, त्याला भ्रम होत नाहीत. आपण कुठे बसलोय, खात्यात किती उरलेत, बायकोला काय सांगायचं, हे सगळं त्याला नीट कळतं. पैसे लपवण्याचं नियोजन तर फारच नीट. त्याला कळत नाही एवढंच, की ही ओढ बाहेरून आलेली आहे. इच्छेवर 'स्वतःची' किंवा 'औषधाची' असा शिक्का नसतो. जी ओढ उमटते ती 'मला वाटतं' या रूपातच उमटते, आणि मग मन तिला कारणं पुरवतं: इतकी वर्षं काम केलं, आता थोडी मजा, मागचं नुकसान भरून काढायचंय, आज नशीब साथ देतंय. मन कारणं कशी पुरवतं याचा सर्वांत स्वच्छ दाखला मायकेल गॅझानिगा आणि जोसेफ लेडू यांच्या एका रुग्णाचा आहे. अपस्मारावरच्या शस्त्रक्रियेत त्याच्या मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा पूल कापलेला होता. डाव्या अर्धाला कोंबडीचा पाय दाखवला, उजव्याला बर्फाने भरलेलं दृश्य. समोरच्या चित्रांतून त्याने एका हाताने कोंबडी निवडली आणि डाव्या हाताने फावडं. फावडं का, असं विचारल्यावर बोलणाऱ्या डाव्या अर्धाला बर्फाची काहीच कल्पना नव्हती. तरी तो क्षणभरही अडखळला नाही. कोंबड्यांचं खुराडं साफ करायला फावडं लागतं, असं त्याने सांगितलं. तो खोटं बोलत नव्हता. हाताने जे केलं त्याचा सुसंगत खुलासा त्याच्या मेंदूने तयार केला आणि तोच त्याला खरा वाटला.

इथे एक रास्त शंका येते. जुगाऱ्याचं जाणतं मन फसलेलं असेल, पण फसलेलं नसतं तर? आपल्याला काय होतंय हे माणसाला लख्ख कळलं, तर ताबा परत येतो का? या प्रश्नाचं उत्तर कंपवाताकडे नाही, ओसीडीकडे आहे, ज्याला मराठीत मंत्रचळ म्हणतात. हात दहादा धुतले तरी पुन्हा धुणारी, गॅसची शेगडी बंद आहे हे डोळ्यांनी बघून पुन्हा स्वयंपाकघरात जाणारी माणसं. (आपल्याकडे पूर्वी यातले कित्येक जण सोवळ्या-ओवळ्याच्या आडोशाला खपून गेले असणार. विहिरीवर घागरी उपसत तासन् तास अंग धुणाऱ्या बाईला घरच्यांनी कडक सोवळ्याची म्हटलं, आजारी म्हटलं नाही.) यातल्या बहुतेकांना आपलं वागणं अर्थहीन आहे हे कळतं. डॉक्टरांना ते स्वतःच सांगतात. त्यांची जाणीव फसलेली नाही, साक्ष अगदी खरी आहे. पण हात नळाकडे जातोच. कळतं पण वळत नाही, असं आपण आळशी विद्यार्थ्याबद्दल म्हणतो. इथे ते अक्षरशः, यातनेसकट खरं असतं. म्हणजे एका आजारात ताबा जातो आणि जाणीव त्या वागण्याची वकिली करते. दुसऱ्यात ताबा जातो आणि जाणीव विरोधात उभी राहून ओरडते. दोन्हीकडे शेवट सारखा. जाणीव कोणत्या बाजूला आहे यावर वागणं ठरत नसेल, तर वागण्याची सूत्रं दुसरीकडे कुठेतरी आहेत.

कुठे, याचा माग उंदरांपासून सुरू होतो. केंब्रिजमध्ये ख्रिस्तोफर ॲडम्स आणि अँथनी डिकिन्सन यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला उंदरांना कळ दाबून गोड गोळ्या मिळवायला शिकवलं, आणि नंतर त्याच गोळ्या खाल्ल्यावर मळमळ होईल असं औषध दिलं. थोडंच शिकवलेले उंदीर पुढे कळ दाबणं कमी करत. आता त्या गोळ्या त्यांना नकोशा होत्या. पण खूप दिवस सराव झालेले उंदीर नकोशा गोळ्यांसाठीही कळ दाबत राहत. काम ध्येयासाठी सुरू झालं होतं, सरावाने ते ध्येयापासून सुटलं आणि नुसत्या प्रसंगाला बांधलं गेलं. यालाच शास्त्रात सवय म्हणतात, आणि या बदलात काम स्ट्रायटमच्या एका भागाकडून दुसऱ्याकडे जातं हे पुढच्या प्रयोगांत दिसलं. क्लेअर गिलन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये याची माणसांवरची आवृत्ती केली. मनगटाला विजेचा झटका बसू नये म्हणून पायाने पेडल दाबायचं. नंतर एका मनगटाची तार समोरासमोर काढून टाकली. आता तिथे झटका बसणं शक्यच नाही. थोड्या सरावानंतर ओसीडीचे रुग्ण आणि निरोगी माणसं यांच्यात फरक नव्हता. भरपूर सरावानंतर मात्र रुग्ण तार काढलेल्या बाजूसाठीही जास्त प्रमाणात पेडल दाबत राहिले. तार काढली आहे हे त्यांना इतरांइतकंच ठाऊक होतं, त्यांचं शरीरही जास्त घाबरलेलं नव्हतं. दाबावंसं मात्र जास्त वाटत होतं. यावरून गिलन यांनी मांडलेली शक्यता मोठी धाडसी आहे: ओसीडीत 'जंतू लागतील' ही भीती आधी आणि धुणं नंतर, हा आपण मानतो तो क्रम निदान काही वेळा उलटा असावा. हात आधी जातो, भीतीचं कारण मन मागून जोडतं. सगळे मनोविकारतज्ज्ञ हे मान्य करत नाहीत, आणि पुष्कळ रुग्णांची भीती खरोखरच आधी येते. पण फावडं घेतलेल्या त्या माणसाच्या शेजारी हे ठेवून पाहिलं, की ते अशक्य मुळीच वाटत नाही.

सवयीला सक्तीचं रूप यायला केवळ वेळ जावा लागतो, मोठा धक्का बसावा लागत नाही, असंही दिसतं. सुझान अहमरी यांच्या गटाने २०१३ मध्ये उंदरांच्या कपाळामागच्या ऑर्बिटोफ्रंटल भागातून स्ट्रायटमकडे जाणारी वाट प्रकाशाने चेतवली. एकदा चेतवून काही झालं नाही. रोज पाच मिनिटं असं काही दिवस केल्यावर उंदीर स्वतःचं अंग पुन्हा पुन्हा साफ करू लागले, आणि प्रकाश बंद केल्यानंतरही दोन आठवडे करत राहिले. मेंदूच्या पुढच्या भागातून स्ट्रायटमकडे, तिथून थॅलॅमसकडे आणि परत पुढे, असं हे फिरतं वर्तुळ आहे. निर्णय, सवय, थांबणं, पुन्हा करणं हे सारं या आणि याच्या शेजारच्या वर्तुळांत घडतं. आवेग आणि सक्ती म्हणूनच शेजारी आहेत. आवेगात पुढची क्रिया वेळेआधी सुटते, सक्तीत झालेली क्रिया संपत नाही. डेव्हिड बेलिन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवलं, की मुळात आवेगी असलेले उंदीरच पुढे शिक्षा होत असतानाही कोकेनसाठी कळ दाबत राहण्याच्या टप्प्याला जास्त पोचतात.

मग जाणत्या मनाला काहीच करता येत नाही का? बेंजामिन लिबेट यांच्या १९८३ च्या प्रयोगावरून असं अनेकांनी छातीठोकपणे सांगितलं. मनगट हलवायच्या सुमारे अर्धा सेकंद आधी मेंदूत तयारीचा विद्युत्संकेत सुरू होतो, आणि 'आता हलवावं' ही जाणीव येते साधारण पाव सेकंद आधी. म्हणजे निर्णय मेंदूने घेतला, मनाला नंतर कळवलं. हा पुरावा मी माझ्या बाजूचा म्हणून वापरणार नाही, कारण तो दिसतो तेवढा पक्का नाही. आरोन शुर्गर यांनी २०१२ मध्ये दाखवलं की मेंदूतली सततची यादृच्छिक चढउतार एखादी मर्यादा ओलांडते तेव्हाच माणूस हलतो असं मानलं, आणि अशा अनेक नोंदींची हालचालीच्या क्षणापासून मागे सरासरी काढली, तर तसाच चढता संकेत आपोआप दिसतो. तो आधीच झालेला निर्णय असेलच असं नाही. शिवाय बर्लिनमध्ये २०१६ साली एक सुरेख प्रयोग झाला. माणूस पेडल दाबणार, संगणक त्याचा तयारीचा संकेत ओळखून लाल दिवा लावणार, आणि दिवा दिसला तर माणसाने थांबायचं. संकेत सुरू झाल्यानंतरही लोक थांबू शकले, फक्त हालचालीच्या सुमारे २०० मिलिसेकंद आधीपर्यंत. त्यानंतर पाय गेलाच. थांबवण्याची यंत्रणा आहे. उजव्या बाजूच्या पुढच्या मेंदूतला एक भाग आणि खोलवरचं सबथॅलॅमिक केंद्रक ही तिची मुख्य ठाणी. पण तिला वेळ लागतो, आणि तिचा मुक्काम त्याच वर्तुळांत आहे ज्यांत आवेग उसळतो. कंपवातासाठी सबथॅलॅमिक केंद्रकात तार बसवून ते चेतवलं, तर काही रुग्ण अवघड निवडीतही घाई करतात, असं फ्रँक यांच्याच २००७ च्या प्रयोगात दिसलं. थांबवणारा हातही गोळी किंवा तारेच्या आवाक्याबाहेर नाही.

आक्षेप बरेच घेता येतील, दोन महत्त्वाचे. पहिला असा, की कंपवात हाच मेंदूचा आजार, त्यामुळे या रुग्णांवरून निरोगी माणसांबद्दल काही सांगू नये. पण औषध सुरूच न केलेल्या कंपवाताच्या रुग्णांत ताबा सुटण्याचं प्रमाण इतरांइतकंच आढळलं आहे. तीच औषधं पाय अस्वस्थ होण्याच्या विकारावर घेणाऱ्यांनाही हाच त्रास झालेला आहे, आणि डोपामिनच्या ग्राहींवर अंशतः बसणाऱ्या ॲरिपिप्राझोल या मनोविकारांवरच्या औषधाबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये जुगार, खरेदी, खाणं आणि लैंगिक आवेगांचा इशारा दिला. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. १७ टक्क्यांचा ताबा सुटला, म्हणजे ८३ टक्क्यांचा सुटला नाही. गोळी सगळ्यांना सारखीच. मग त्या ८३ टक्क्यांकडे इच्छाशक्ती होती असं का म्हणू नये? म्हणायला हरकत नाही, पण त्याच पाहणीत धोका कुणाला जास्त होता ते पाहा: वय कमी असलेले, अविवाहित, धूम्रपान करणारे, घराण्यात जुगाराची समस्या असलेले. यातल्या वय, घराणं आणि घरातल्या सोबतीचा मनाच्या खंबीरपणाशी काय संबंध? धूम्रपान सुटत नाही हे तर आधीच तुलनेने आवेगी असलेल्या मेंदूचं लक्षण असू शकतं. इच्छाशक्ती हे इथे स्पष्टीकरण नसून, ज्याचं स्पष्टीकरण हवं आहे त्यालाच दिलेलं नाव आहे.

न्यायालयांपुढे हा पेच आलेला आहे. फ्रान्समधल्या रेन इथल्या अपील न्यायालयाने २०१२ मध्ये औषधाने जुगारी बनलेल्या रुग्णाला औषध कंपनीने भरपाई द्यावी असा निकाल दिला. तिथे गोळी होती, तारखा होत्या, गोळी थांबल्यावर बदल होता. पण ज्याच्या वर्तुळांना अशा गोळीऐवजी जनुकांनी, लहानपणाने किंवा मोबाइलवरच्या रमीने तसंच वळण लावलं, त्याला आपण दोषी मानतो, कारण बोट दाखवायला एक गोळी नसते. म्हणजे सगळेच निर्दोष, असं मी म्हणत नाही. मेंदू कारणांनी चालतो यातून जबाबदारी संपत नाही. ती कोणत्या क्षणाची, हा प्रश्न मात्र बदलतो. यंत्रापुढे बसलेल्या, डोळ्यांसमोर चित्रं फिरत असलेल्या माणसाकडून त्या क्षणी आवरण्याची अपेक्षा करणं म्हणजे त्याच्याकडून शेवटच्या २०० मिलिसेकंदांचा हिशोब मागणं.

जाणतं मन बलवान असतं ते त्याआधी, बरंच आधी. व्हिएतनाममध्ये असताना अमेरिकी सैनिकांपैकी सुमारे एक पंचमांश जण अफूजन्य पदार्थांच्या व्यसनात अडकले होते. ली रॉबिन्स यांनी मायदेशी परतलेल्यांचा पाठपुरावा केला तेव्हा त्या व्यसनी सैनिकांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात पडलेले फक्त पाच टक्क्यांच्या आसपास निघाले. त्यांची इच्छाशक्ती विमानात वाढली नव्हती. ज्या प्रसंगांना, माणसांना, जागांना ती सवय बांधलेली होती, ते सारं एका समुद्रापलीकडे राहिलं. समोरचं गोड लगेच न खाता थांबलं तर जास्त मिळेल, अशा वॉल्टर मिशेल यांच्या प्रसिद्ध प्रयोगात ज्या मुलांना थांबता आलं, तीही दातओठ खाऊन थांबली नव्हती. त्यांनी डोळे झाकले, पाठ फिरवली, गाणं म्हटलं. (त्या प्रयोगावरून पुढच्या आयुष्याचं भविष्य सांगण्याची टूम २०१८ च्या मोठ्या अभ्यासात बरीच फिकी पडली, आणि पडली ते बरंच झालं.) ओसीडीवरची सर्वांत भरवशाची वर्तनोपचार-पद्धतही अशीच आहे. लंडनच्या व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये ती सुरू केली: रुग्णाने घाणेरडं वाटणारं काहीतरी हाताळायचं, आणि मग धुवायचं नाही. घाबरू नका असं कुणी सांगत नाही. भीती येऊ द्यायची, चढू द्यायची, आणि ती आपोआप उतरते हे मेंदूला पुन्हा पुन्हा दिसू द्यायचं. या बैठकीला 'हो' म्हणणं हे जाणत्या मनाचं काम. उरलेलं काम सरावाचं. लुईस बॅक्स्टर यांच्या गटाने १९९२ मध्ये अशा उपचाराआधी आणि नंतर मेंदूची छायाचित्रं घेतली. सुधारलेल्या रुग्णांत स्ट्रायटममधल्या कॉडेट या भागाची धग कमी झाली होती, औषधाने सुधारलेल्यांत होते तशीच. रुग्ण मूठभर होते, त्यामुळे फार ताणू नये. पण औषध आणि सराव एकाच दाराने आत शिरत असावेत असा तर्क करायला ते पुरेसं आहे.

कंपवाताच्या दवाखान्यातही व्यवहार याच बाजूने बदलला आहे. नक्कल-औषध लिहून देण्याआधी रुग्णाला आणि त्याच्यासोबत आलेल्या माणसाला धोका सांगावा, पूर्वी जुगार किंवा व्यसन होतं का ते विचारावं, आणि पुढच्या प्रत्येक भेटीत घरच्यांना स्वतंत्रपणे विचारावं, असा सल्ला तज्ज्ञ देतात. घरच्यांनाच का, ते वर आलंच: रुग्णाला स्वतःत काही बदललंय असं वाटतच नाही. औषध एकदम बंद केलं तर काहींना बेचैनी, धास्ती, खोल उदासी येते. म्हणून ते टप्प्याटप्प्याने उतरवावं लागतं, आणि तेही डॉक्टरांनीच. आधीच तजवीज करण्याची हीच रीत दवाखान्याबाहेरही दिसते. ब्रिटनमध्ये ऑनलाइन जुगार खेळणाऱ्यांसाठी गॅमस्टॉप नावाची नोंदवही आहे. तिच्यात आपलं नाव घातलं की परवानाधारक संकेतस्थळं सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं, जी मुदत निवडली असेल तेवढा काळ, दार उघडत नाहीत. आणि मुदत संपण्याआधी विचार बदलला तरी नाव निघत नाही. मंगळवारी सकाळी शांतपणे केलेली नोंद शनिवारी रात्रीच्या माणसाला रद्द करता येत नाही, हीच तिची सगळी खुबी आहे. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर संसदेने कायद्याने सरसकट बंदी घातली. इथे ती सकाळची नोंद करण्याची मुभा त्या माणसालाही राहिली नाही. ती सगळ्यांच्या वतीने सरकारने करून टाकली.